अक्कांची पवळी

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात होते. टाकीच्या काचेवर आतून हिरवट शेवाळ धरतं, ते जुन्या एटीएम कार्डानं हळूहळू खरवडायचं, मध्येच हात काढायचा नाही, पाणी ढवळू द्यायचं नाही, असा अक्कांचा दंडक होता. मोबाईल खिडकीत वाजत राहिला. शेवटी पदराला हात पुसून उचलला, तर आमच्या ह्यांचा आवाज. "अक्का गेल्या," एवढंच म्हणाले. मग, घर आवरून ठेव, आम्ही तीनपर्यंत घेऊन येतो, असं म्हणाले. साडेअकरा वाजले होते. मी फोन ठेवला आणि राहिलेली काच खरवडून पूर्ण केली... माणूस गेल्याची बातमी ऐकून कोणी काच घासत बसतं का? मी बसले. नऊ दिवस अक्का दवाखान्यात होत्या, नऊ दिवस त्यांची टाकी माझ्या हवाली होती, आणि त्या क्षणाला मला दुसरं काही करताच आलं नाही. रडू तर नंतर आलं, तेही बायका जमल्यावर.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या, चौथी शिकलेल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, म्हणून त्या मला कधी नावानं हाक मारत नसत, 'मास्तरीणबाई' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला तीस वर्षांत कळलं नाही. आमचं घर मुळशी तालुक्यातल्या नांद्याचं. हिंजवडीच्या इमारती सरकत सरकत आमच्या बांधाला येऊन टेकल्या, तेव्हा भाऊंनी, म्हणजे अक्कांच्या मालकांनी, घरामागं ओळीनं पाच खोल्या काढल्या आणि भाड्यानं दिल्या. भाडेकरू सगळे आयटीतले, कोणी अकोल्याचं, कोणी जळगावचं. अक्कांचे दोन्ही मुलगे पुण्यात फ्लॅट घेऊन राहायला गेले होते. भाऊ ग्रामपंचायतीच्या राजकारणात. अक्का दिवसभर त्या एवढ्या मोठ्या घरात एकट्याच फिरायच्या, आणि आम्ही म्हणायचो, काय सुख आहे बाईला, बसून खायचं.

तिसऱ्या खोलीत अभिजित नावाचा इंजिनियर राहायचा, अकोल्याकडचा. पाण्याची मोटर चालू करायची आहे, नळ बंद आहे का, हे विचारायला अक्का एकदा त्याच्या दारात गेल्या आणि तासभर परतल्याच नाहीत. मी बघायला गेले तर बाई उंबऱ्यावर फतकल मारून बसलेल्या. समोर दोन फुटी काचेची टाकी, वर निळा दिवा, पाण्यात लाटा उठवणारा छोटा पंप, आणि आत दगडांवर चिकटवलेले बोटाच्या पेराएवढे काही जांभळे, हिरवे तुकडे. अभिजित सांगत होता की हे जिवंत प्रवाळ आहेत, दगडी प्रवाळ, म्हणजे हे स्वतःच्या अंगाखाली स्वतःच दगड बांधत जातात. त्यासाठी त्यांना कॅल्शियम लागतं, म्हणून तो कसलीशी परदेशी पांढरी पावडर पाण्यात कालवून, ती खाली बसू देऊन, वरचं स्वच्छ पाणी टाकीत थेंबथेंब सोडत होता. अक्कांनी तो डबा हातात घेतला, वास घेतला, चिमूटभर बोटावर चोळली. "आरं, ही तर चुन्याची निवळी," त्या म्हणाल्या. "आमी पोरान्ला पाजतो की." अभिजितनं डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञानाची शिक्षिका... मान हलवण्यापलीकडे मला काही करता आलं नाही, कारण ती खरोखरच चुन्याची निवळी होती.

तिथून अक्का त्या टाकीच्या झाल्या. प्रवाळ हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, त्या 'पवळी'च म्हणायच्या, अंगठीतल्या पवळ्यासारखं. वर्षाच्या आतच अभिजितला कंपनीनं जर्मनीला पाठवलं. दोन महिने सांभाळा अक्का, म्हणाला, आणि पुन्हा काही आला नाही. कायद्याचा कीस पाडणाऱ्या वाचकांनी लगेच पत्र लिहायला घेऊ नये. समुद्रातली पोवळी तोडणं, विकणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. ही पिलं बाहेरच्या देशात टाकीतच वाढवलेली, रीतसर कागदपत्रांसकट आलेली. त्या कागदांची फाइल अक्कांनी आपल्या लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवली होती. शेताच्या सातबाऱ्याची त्यांनी कधी एवढी काळजी केली नसेल.

मी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. समुद्र कुठं, मुळशी कुठं, जाऊबाई निघाल्या कोळीण व्हायला, असं मी चारचौघींत बोललेली आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि काम चालू ठेवलं. काम म्हणजे केवढं! गाळलेल्या पाण्यात तोलून मीठ कालवायचं, रात्रभर फिरत ठेवायचं, मग दुर्बिणीसारख्या एका छोट्या नळीच्या काचेवर त्याचा थेंब टाकून, उजेडाकडे धरून खारटपणा बघायचा. पस्तीसच्या रेघेवर आला तर बरोबर. उन्हाळ्यात पाणी तापलं की पवळी रुसतात, म्हणून पंखा लावायचा, पण पंख्यानं पाणी उडतं, आणि पाणी उडालं तरी मीठ मागंच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढंच, मोजून तांब्याभर, गोडं पाणी वरून घालायचं. कमी नाही, जास्त नाही. गोडं पाणी जास्त झालं तर काय होतं, हे मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, अंग फुगून फुटतं त्यांचं, कातडं गळून पडतं, उरतो नुसता हाडाचा दगड. निवळी सोडायला त्यांनी डॉक्टरकडून सलाईनची नळी मागून आणली होती. थेंब मोजत बसायच्या. पहिल्या वर्षात त्यांचं एक पवळं मेलं, तेव्हा दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि कोणाला कारणही सांगितलं नाही.

एकदा मी सातवीचा वर्ग त्यांची टाकी दाखवायला आणला. रुबाबात सांगत होते की प्रवाळ ही समुद्रातली एक प्रकारची वनस्पती, वगैरे. अक्का मागं उभ्या होत्या. नळीनं कोळंबीचा किसलेला कण एका हिरव्या पवळ्यावर सोडला, आणि पोरांना म्हणाल्या, बघा आता. त्या दगडानं हळूच तोंड उघडलं आणि कण गिळला. "झाड न्हाई बाई ते," अक्का मला म्हणाल्या, हळू, पण पोरांनी ऐकलं. "त्याला तोंड हाय." मी वीस वर्षं चुकीचं शिकवत आले होते. पोरं हसली. मला राग आला, आणि तो राग कितीतरी दिवस गेला नाही, हे आज कबूल करते. चौथी शिकलेल्या बाईनं माझ्या वर्गासमोर माझी चूक दाखवावी, आणि तीही बरोबर असावी... जाऊच ती. जावांचं काय असतं ते ज्या जावा आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

सहा वर्षांत ते पेराएवढे तुकडे तळव्याएवढे झाले. जांभळ्याची पानं एकावर एक चढली, हिरव्याला फांद्या फुटल्या. अक्का पक्कडीनं फांदी मोडायच्या, आणि पांढऱ्या सिमेंटच्या छोट्या चकत्यांवर पाण्यातही न सुटणाऱ्या डिंकानं चिकटवायच्या. त्या चकत्या त्या स्वतः बाटलीच्या झाकणात ओतून करत. हिंजवडीच्या सोसायट्यांतली शौकीन पोरं-पोरी येऊन त्या चकत्या घेऊन जायची, बदल्यात स्वतःकडची द्यायची, अक्का अक्का करायची. आमच्या घरात मात्र त्या खोलीत पाऊल टाकणारी मी एकटीच. भाऊ कधीच आत आले नाहीत. वास येतो, म्हणायचे. भाड्याची खोली अडकून पडली, हेही म्हणायचे. भाऊ वाईट माणूस नाही. पण बायको रोज चार तास कुठं असते, हे डोकावून बघावं असं त्यांना सहा वर्षांत एकदाही वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये वादळानं पिरंगुटकडच्या तारा पडल्या आणि दोन दिवस वीज आली नाही. इन्व्हर्टर पहिल्या सकाळीच बसला. पाणी हललं नाही तर पवळी गुदमरतात. अक्का स्टूलवर बसल्या, तांब्या टाकीत बुडवायचा, वर उचलायचा, धार सोडायची. पुन्हा बुडवायचा. सकाळपासून दुपारपर्यंत. मी शाळेतून आले तर उजवा हात दमला म्हणून त्यांनी तांब्या डाव्या हातात घेतला होता. मी म्हटलं, सरका. मग आम्ही पाळ्या लावल्या. त्या दोन दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या अठ्ठावीस वर्षांत बोललो नसू. मी विचारलं, एवढा आटापिटा कशासाठी हो अक्का? त्या म्हणाल्या, "या घरात मी लावल्यालं, मी वाढिवल्यालं, कुनाचं न्हाई आसं येवढंच हाय." शेत सासऱ्यांचं, घर मालकाचं, पोरं सुनांची झाली, असं त्यांनी मग बोटं मोडत मोडत सांगितलं, जराही न रडता. एकही पवळं मेलं नाही तेव्हा. वीज आली तशी अक्का तिथंच भिंतीला टेकून झोपी गेल्या.

आता जे सांगायचं आहे त्याच्या आधी आणखी एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. आमच्याकडे घरात मयत झालं की तिरडी उठल्यावर घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतून देतात. हंडे, कळशा, माठ, सगळं पालथं, मग नवं पाणी भरायचं. सासूबाई गेल्या तेव्हा उन्हाळा होता, गावाला टँकर चालू होता. आदल्याच दिवशी भरलेली हजार लिटरची टाकी मी ओतू दिली नाही. जीव खाऊन भांडले, विज्ञानाचं व्याख्यान दिलं. आणि महिन्याच्या आत आमचे हे मोटरसायकलवरून पडले, पाय तीन ठिकाणी मोडला. झालं. भावकीतल्या बायकांनी ते पाणी माझ्या कपाळी मारलं. मास्तरणीनं सुतकातलं पाणी पाजलं नवऱ्याला, असं लग्नकार्यात माझ्या तोंडावर बोलायच्या. एका हळदीला हे फारच झालं, तेव्हा अक्का पुढं झाल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पाणी तिनं न्हाई, मी ठिवून घेतलं. बोलायचं तर मला बोला." धडधडीत खोटं. पण तिथून बोलणं थांबलं, निदान माझ्या तोंडावरचं. मी त्यांचे आभारही मानले नाहीत.

अक्कांना न्यूमोनिया झाला, तो दोन्ही फुप्फुसांत पसरला, आणि पुण्याला हलवलं. दवाखान्यात जाताना त्या गाडीत बसेपर्यंत मला सूचना देत होत्या. निवळी वरवरची घे, गाळ येऊ देऊ नको. खारट रोज बघ. मी रोज बघितलं. आठव्या दिवशी भेटायला गेले. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, बोलायची मनाई. भाऊ उशाशी बसले होते. अक्कांनी मास्क बाजूला ओढला, भाऊंकडे बघितलंही नाही, मला विचारलं, "खारट किती?" मी म्हटलं, पस्तीस. "मी न्हाई आले तर सांभाळशील?" मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता, चार दिवसांत घरी याल. त्या तशाच बघत राहिल्या. उत्तर झालं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. मग मी म्हटलं, सांभाळीन. त्यांनी मास्क परत लावून घेतला. ते आमचं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी तीनला आणलं, पाचला नेलं. पुरुष सगळे स्मशानाकडे गेले. अंगणात वीस-पंचवीस बायका. आमच्या थोरल्या चुलत सासूबाई, सगळे त्यांना नानी म्हणतात, ऐंशीच्या पुढच्या, रडून रडून घसा बसलेला, खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की पाणी काढा. नानींना खोटं रडता येत नाही. अक्कांना त्यांनीच सून म्हणून बघून आणलं होतं. बायका कामाला लागल्या. हंडे गेले, माठ गेला, फ्रिजमधल्या बाटल्या गेल्या. मागच्या खोलीत अक्कांनी खारं पाणी कालवून ठेवलेला ड्रम होता, तोही कोणीतरी आडवा केला. मी बघत होते. मग नानी काठी टेकत पवळ्यांच्या खोलीच्या दारात आल्या. हे बी पाणीच हाय की, म्हणाल्या.

मी म्हटलं, नानी, जीव आहेत त्यात. त्यांनी टाकीकडे नीट वाकून पाहिलं. त्यांना ते कळलं, त्या निर्दय नाहीत. "मग मोकळं नगं ठिवू," त्या म्हणाल्या. "ह्ये काढ आन् लगीच नवं भर. ताजं पाणी कुनाला नगं आसतंय?" मागून एक जण कुजबुजली, मागच्या वेळचं ध्यानात आहे ना. दुसरीनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं की हे पाणी खारं आहे, यात गोडं घातलं तर मरतील. एक वाक्य. नानींनी ऐकलंही असतं कदाचित. किंवा नुसती एक बादली त्या जुन्या पाण्याची भरून, त्यात पवळी ठेवून गोठ्यामागं नेऊन ठेवली असती तरी सकाळपर्यंत निभावलं असतं. मला सुचलं नाही असं नाही. दोन्ही सुचलं. पण वीस बायकांसमोरून सुतकातली बादली घेऊन चालत जायचं, पुन्हा तेच, पुन्हा मास्तरीण, आणि उद्या ह्यांना किंवा पोरांना काही झालं तर... या वेळी मधे पडून खोटं बोलणारी बाई तर तिरडीवरून गेली होती.

मी गच्चीच्या टाकीची नळी आणली. आधी तिनंच पाणी उपसून मोरीत सोडलं, मग दुसरं टोक नळाला लावून भरलं. दहा मिनिटांचं काम. टाकीत केशरी-पांढरे दोन मासेही होते, ते तळाला जाऊन आडवे झाले. पवळ्यांनी मिटून घेतलं, सगळ्यांनी एकदम. नानी म्हणाल्या, बघ, निवली बिचारी. मग बायकांनी फरशी धुतली आणि मी आंघोळीला गेले.

तिसऱ्या दिवशी, सावडून पुरुष घरी आले तेव्हा, खोलीतून कुजका वास येत होता. जांभळं काही उरलं नव्हतं, हिरवंही नाही. कातडं गळून पाण्यावर तवंग आला होता, आणि खाली पांढरेशुभ्र दगड. त्याच दुपारी अभिजितचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. पोरगं रडत होतं. शेवटी म्हणालं, काकू, जरा कॅमेरा टाकीकडे फिरवा ना, अक्कांना तिथंच बघितल्यासारखं वाटेल. मी म्हटलं, लाइट नाहीये रे आत्ता. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. आठवड्यानं मी त्याला कळवलं की गेली सगळी, त्या धावपळीत वीज गेली होती, कोणाचं लक्ष राहिलं नाही. त्यानं मला धीर दिला. तुम्ही तरी काय करणार काकू, म्हणाला.

तेराव्याला दुसरीच एक गोष्ट सुरू झाली. पंगतीत कोणीतरी म्हणालं की अक्का गेल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांची पवळीही गेली, मुक्या जिवांनी मालकिणीच्या मागं प्राण सोडला. वाढता वाढता मी ऐकलं. पानापानावर ती गोष्ट सरकत गेली आणि बुंदीच्या वाढपापर्यंत अंगणभर झाली. हिंजवडीच्या पोरांनी टाकीचे जुने फोटो फेसबुकवर टाकले. शोकसभेला सरपंच बोलले, त्यांनीही तेच सांगितलं. नानी तर शपथेवर सांगतात की ताजं पाणी दिलं, सगळं केलं, पण त्यांनी अन्नपाणी सोडलं. मी कोणालाच काही बोलले नाही. खरं सांगायला गेलं तर नानींच्या माथी येणार, आणि त्या बिचारीला खारं-गोडं काय माहीत? माहीत होतं ते मला. असं मी स्वतःला सांगत राहिले, नानींना वाचवते आहे म्हणून. मनातून मला पक्कं ठाऊक होतं की मी कोणाला वाचवते आहे.

भाऊंनी ते पांढरे दगड उन्हात वाळवून घेतले, सुताराकडून काचेचं कपाट करून घेतलं, आत दिवा बसवला, आणि बैठकीत अक्कांच्या हार घातलेल्या फोटोखाली ठेवलं. येणारा जाणारा थांबून बघतो. किती सुंदर, किती पांढरंशुभ्र, अक्कांनी काय वाढवलंय, म्हणतो. अक्कांनी त्यांना एक दिवसही पांढरं होऊ दिलं नव्हतं. त्यांच्या लेखी पांढरं म्हणजे मेलेलं. मी चहाचे कप उचलते आणि आत जाते.

गेल्या आठवड्यात दुपारी बैठकीत गेले तर भाऊ कपाटासमोर खुर्ची ओढून एकटेच बसले होते. सहा वर्षांत ज्यांनी त्या खोलीत डोकावलं नाही, ते आता रोज दुपारी तिथं बसतात. मला बघून त्यांनी डोळे लपवले नाहीत. "या दगडान्ला कळलं गं तिचं," म्हणाले. "चाळीस वरसं संगट राहून मला न्हाई कळलं. पर कुनाला तरी कळलं, येवढंच बरं वाटतंय." मी मान हलवली. आयुष्यात मी पुष्कळ वेळा मान हलवली आहे, पण त्या दिवशी मला माझीच किळस आली.

तीस वर्षांत थोरल्या दिरासमोर मी खाली मान घालूनच बोलले आहे, आणि समोर उभं राहून हे सांगायची माझी छाती नाही. भाऊ रविवारची ही पुरवणी ओसरीवर बसून पहिल्या अक्षरापासून वाचतात, हे मला ठाऊक आहे, म्हणून इथं लिहिते. भाऊ, पवळी अक्कांच्या मागं गेली नाहीत. ती अक्कांना ओळखतही नव्हती. ती चांगली जगली असती, अजून वाढली असती. नळी मी धरली होती, आणि गोड्या पाण्यानं काय होतं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.